उलटी लावलेली लेन्स

माझ्या कॅमेऱ्याच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, हे मला तो घेतल्यानंतर बारा वर्षांनी कळलं.

तोपर्यंत कळण्याचं कारणच पडलं नव्हतं. मुलगी तिसरीत असताना तिच्या शाळेच्या गॅदरिंगसाठी म्हणून तो आम्ही बुलढाण्यातल्याच एका दुकानातून घेतला होता. नवशिक्यांसाठी असतो तसला, कंपनीचा सगळ्यात साधा डिजिटल कॅमेरा. डब्यातच एक आखूड झूम लेन्स आली होती आणि ती जी एकदा लावली ती मी कधी काढली नाही. गॅदरिंग झालं, वाढदिवस झाले, एक सहल झाली. मग मोबाइल आले. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि कॅमेरा कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली गेला. मुठीकडचं रबर सुटलं होतं ते मी कधीतरी डिंकाने चिकटवलं होतं, एवढाच त्याचा आणि माझा संबंध उरला होता.

मी कोर्टात लिपिक आहे. अनेक वर्षं मी खिडकीवर होते. समोर दिवसभर माणसं. तारीख विचारणारी, नक्कल मागणारी, काहीच न विचारता नुसती उभी राहणारी. गेल्या वर्षी मला रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. काम वाईट नाही. लाल कापडात बांधलेले बस्ते, त्यांचे नंबर, कोणी मागितलं तर काढून द्यायचं, परत आलं तर जागेवर ठेवायचं. पण दिवसातून चार वाक्यंही बोलणं होत नव्हतं आणि त्याने मला काहीतरी झालं. मला एका जागी बसवेना. घरी जेवायला बसले की मीठ आणायला उठायची, मीठ आणलं की गॅस बंद केला का ते बघायला. नवरा शाळेत मास्तर आहे, शांत माणूस. तो एकदा घास हातात धरून म्हणाला, "तू आधी ठरव, बसायचं हाय का उभं राह्याचं हाय. मले तसं जेवता येईन."

त्याच दिवसांत गच्चीवरच्या कढीपत्त्यावर मला एक अळी दिसली. पक्ष्याची विष्ठा पडावी तशी, काळपट-पांढरी. मला ती ओळखता आली. मी बीएस्सी केलं होतं, प्राणिशास्त्र घेऊन, आणि पुढे शिकायचंही मनात होतं. ते राहिलं. स्पर्धा परीक्षा दिली, कोर्टात लागले, लग्न झालं. पण ही अळी काही दिवसांनी हिरवी होणार आणि तिचं काळं-पिवळं फुलपाखरू होणार हे पंचवीसेक वर्षांनंतरही डोक्यात जसंच्या तसं होतं. मी कपाटातून कॅमेरा काढला, चार्ज केला, गच्चीवर गेले. जवळून फोटो घ्यायला गेले तर लेन्स घर्र करून पुढे जायची, घर्र करून मागे यायची आणि बटण दाबलं जायचं नाही. वीतभर मागं सरकलं की फोटो निघायचा, पण त्यात अळी म्हणजे पानावरचा एक ठिपका.

तिथून मला लेन्सचं वेड लागलं. दुपारच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून मी मोबाइलवर वाचत बसायची. कॅमेऱ्याच्या तोंडाशी लेन्स जिथे फिरवून बसते ती कडी कंपनीने कित्येक वर्षं बदललेली नाही, म्हणून जुन्यातली जुनी लेन्सही बसते, असं सगळे सांगतात. पण बसणं आणि चालणं यात फरक आहे, हे हळूहळू कळलं. काही लेन्स बसतात आणि सगळं करतात. काही बसतात, उजेड मोजतात, पण फोकस करत नाहीत. काही बसतात आणि कॅमेऱ्याला पत्ताच लागत नाही की समोर काही बसलंय. आणि काही फार जुन्या असतात, त्या काही बॉडींवर चढवायच्याच नाहीत, आतला खटका मोडतो. मी मुलीच्या एका जुन्या वहीत रकाने आखले. बसते, चालते, अर्धी चालते. वही भरत गेली आणि माझं ठरत काहीच नव्हतं.

शेवटी चिखलीला एक जण सापडला. लग्नाचे फोटो काढायचा, ते काम त्याने सोडलं होतं आणि सामान विकत होता. रविवारी मी एसटीने गेले. त्याच्याकडे एक लांब काळी लेन्स होती आणि तिच्या गळ्याशी सोनेरी अक्षरांत 'मॅक्रो' लिहिलेलं होतं. जवळचं बारीक काढायची लेन्स म्हणजे मॅक्रो, एवढं मला आतापर्यंत माहीत झालं होतं. मी कॅमेरा सोबत नेला नव्हता. "माझ्या बॉडीला चालेल ना?" असं विचारलं आणि मॉडेल सांगितलं.

"बसते ताई," तो म्हणाला. "पक्की बसते."

तो खोटं बोलला नाही. घरी आल्यावर ती खट्ट करून बसली. मी गच्चीवर गेले, अळीकडे रोखलं, बटण अर्धं दाबलं आणि काहीच हललं नाही. घर्र नाही, मागेपुढे नाही. पुन्हा वाचलं तेव्हा समजलं. ही जुन्या धाटणीची लेन्स. तिला फिरवायला बॉडीच्या कडीत पेचकसाच्या टोकासारखा एक बारीक दांडा असावा लागतो, बॉडीतली मोटर तो फिरवते. कंपनीने सगळ्यात साध्या कॅमेऱ्यांतून ती मोटर काढून टाकली होती, वजन कमी व्हावं म्हणून. ज्यांच्या पोटात स्वतःची मोटर आहे अशाच लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करणार. मी लेन्स काढून कडी निरखून पाहिली. दांड्याच्या जागी सपाट धातू होता.

नवरा कपडे वाळत घालत होता. त्याने विचारलं, "बसली ना?"

"बसली."

"मग?"

"फिरत नाही."

"हातानं फिरव."

मला त्याचा रागच आला, कारण तो बरोबर होता. मी हाताने फिरवून पाहिलं. पण या कॅमेऱ्याची डोळा लावायची खिडकी एवढीशी आणि अंधारी, की शेजारच्या खोलीत किल्लीच्या भोकातून बघावं तसं वाटतं. फोकस जमला की कोपऱ्यात एक हिरवा ठिपका पेटतो. तो पेटायचा आणि मी बटण दाबेपर्यंत विझायचा. शिवाय नावात मॅक्रो असलं तरी ती लेन्स काही फार जवळ जाऊ देत नव्हती. त्या आठवड्यात अळी हिरवी झाली, मग फांदीला चिकटून कोश झाली, आणि एका सकाळी कोश रिकामा होता. माझ्याकडे तिचे चाळीसेक फोटो होते. एकही धड नव्हता.

मग मी ठरवलं की दोष लेन्सचा नाही, बॉडीच बदलली पाहिजे. त्यातही वाटा फुटल्या. त्याच कंपनीची वरच्या दर्जाची, पण जुनी, वापरलेली बॉडी घ्यावी, तिच्यात मोटर असते. ती जड, आणि किती फोटो काढून झिजली आहे कोण जाणे. दुसरी वाट म्हणजे नवीन, आरसा नसलेला कॅमेरा घ्यावा. त्याला माझ्या लेन्स बसवायला मध्ये एक जोडकडी मिळते. खूश होऊन मी पुढं वाचलं तर त्या जोडकडीतही मोटर नव्हती, म्हणजे चिखलीची लेन्स तिथंही हातानेच. तिसरी वाट, बॉडी हीच ठेवायची आणि मोटर असलेली खरीखुरी मॅक्रो लेन्स घ्यायची. सोमवारी मला पहिली वाट पटायची, बुधवारी तिसरी. अकोल्याच्या दुकानात मी तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा वेगळं विचारलं. तिसऱ्यांदा तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकदा नक्की करा." मी बरं म्हणून फोन ठेवला आणि बस्त्यांच्या दोन रांगांमध्ये उगाच फेऱ्या मारत राहिले.

सासर मेहकरचं. श्रावणात एका चुलत दिराच्या मुलीचा साखरपुडा होता. दुपारी जेवणं आटोपली आणि बायका पंगतीच्या जागी बसून गप्पा मारायला लागल्या. मला बसवेना. पिशवीत कॅमेरा होताच. जरा जाऊन येते म्हणून निघाले. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुना फोटो स्टुडिओ आहे, आमच्या लग्नाचे फोटोही तिथल्याच माणसाने काढलेले. तो आता म्हातारा झाला होता. आत आधारकार्डाचे फोटो निघत नाहीत, झेरॉक्स मिळेल, अशी पाटी होती. मी ओळख सांगितली, कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि विचारलं की यावर मोटर असलेली मॅक्रो लेन्स कोणती घ्यावी.

त्याने कॅमेरा हातात घेतला, माझ्या डिंकाने चिकटवलेल्या रबरावरून अंगठा फिरवला. "काढायचं काय हाय तुम्हाले?" त्याने विचारलं.

इतके दिवस वाचत होते, हा प्रश्न कुठं आला नव्हता. मग म्हटलं, "किडे. बारीक. पानावरचे."

"उडणारे का बसणारे?"

"बसणारे."

"मग मोटर काऊन पाह्यजे?"

त्याने माझी डब्यातली आखूड लेन्स फिरवून काढली, उलटी केली आणि तिचं समोरचं तोंड बॉडीच्या कडीवर हाताने दाबून धरलं. दुसऱ्या हाताने काउंटरवरचं पावतीपुस्तक ओढलं आणि मला म्हणाला, पाहा. मी डोळा लावला. अंधार होता. "थांबा," म्हणून त्याने लेन्सच्या मागचा, म्हणजे आता पुढे आलेला, एक बारीक खटका नखाने सरकवून धरला. उजेड आला. आणि त्या उजेडात कागदाचे तंतू दिसले, एकात एक गुंतलेले, आणि त्यांवर छापील रेघेची शाई वाळलेल्या नदीच्या काठासारखी फाटलेली.

मी बराच वेळ डोळा काढला नाही. त्याचा हात दुखला असेल.

त्याने सांगितलं की फिल्मच्या काळात हे त्याचं रोजचं काम होतं. कोणाचा बाप वारायचा आणि घरात त्याचा एकही फोटो नसायचा. कुठल्यातरी वरातीच्या फोटोत, मागच्या रांगेत, हरभऱ्याएवढं तोंड असायचं. तो लेन्स उलटी लावून तेवढं तोंड काढायचा आणि मोठं करून द्यायचा. "लोकं म्हणत, नाक त्याहिचंच हाय. डोळे काही येत नसत. पण नाकावर भागून जाय."

खणात हात घालून त्याने एक काळी कडी काढली. एका बाजूने ती बॉडीला बसते, दुसऱ्या बाजूला आटे असतात. लेन्सच्या समोर, जिथे फिल्टर लावतात, तिथे ते आटे फिरवून बसवायचे. त्याने कडी माझ्या लेन्सवर फिरवली आणि ती अडथळा न येता बसली. बावन्न मिलिमीटरचे आटे. फिल्मच्या वेळी बावन्न, माझ्या कॅमेऱ्याच्या लेन्सलाही बावन्न. माझ्या वहीत इतके रकाने होते, पण समोरचे आटे मोजायचं मला सुचलं नव्हतं.

"कॅमेऱ्याले आता समजणार नाही पुढं काय हाय ते," तो म्हणाला. "सगळं हातानं ठेवा. एक फोटो काढा, पाहा. काळा आला तर उजेड वाढवा. फोकस फिरवून येणार नाही. तुम्हीच पुढंमागं व्हा. आणि खटक्यात काडीपेटीच्या पुठ्ठ्याचा तुकडा खुपसा, म्हणजे नख दुखणार नाही."

त्यानंतरचे दोन आठवडे मी तीळ, मुंग्या, साडीच्या काठाचे धागे, डाळीतला भुंगा असं सगळं काढलं. बहुतेक फोटो बिघडायचे. फोकस कागदाच्या जाडीएवढाच मिळतो, मुंगीचा डोळा आला तर मिशी येत नाही. श्वास घेतला तरी सगळं धूसर. मला श्वास रोखून धरायची सवय लागली आणि तेवढ्यापुरती मी एका जागी असायची.

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. माझा मोठा भाऊ वडनेर भोलजीला शेती करतो, सहा एकर, त्यात दोन एकर मिरची. त्याचा फोन आला, नेहमीप्रमाणे माझ्या नवऱ्याला. आम्ही त्या रविवारी त्याला आणि वहिनीला जेवायला बोलावलं होतं. जमणार नाही, मिरची उपटायची आहे, बोकड्या पडला, असं त्याने सांगितलं. पानं आकसून मुडपतात, झाड खुरटतं, त्याला आमच्याकडे बोकड्या म्हणतात. दोन फवारण्या झाल्या होत्या, फरक नव्हता.

मी नवऱ्याला विचारलं, "पानं वर मुडपलीत की खाली?"

"मले काय मालूम. त्याले विचार ना."

भावाला मी सहसा फोन करत नाही, हे इथे सांगायला हवं. वडील गेल्यावर शेत त्याच्या नावावर करायचं होतं. त्याने हक्कसोडपत्र तयार करून ठेवलं होतं. मी निबंधक कार्यालयात पोहोचले, त्याने कागद पुढे केला आणि म्हणाला, इथं सही कर. मी खिडकीवर दिवसभर लोकांना सांगायची की वाचल्याशिवाय सही करू नका. ती सही मी न वाचता केली. कागद वाचला असता तरी केलीच असती. मला शेत नको होतं. पण नंतर माहेरी गेले की मी पाहुण्यासारखी बसायला लागले, चहा पिऊन निघायला लागले. त्याला ते कळलं की नाही, मला माहीत नव्हतं.

मी फोन लावला. "दादा, पानं वर मुडपलीत की खाली?"

"मुडपली तं मुडपली. वर काय अन् खाली काय."

"वर वळली तर फुलकिडे असतात. खाली वळली तर वेगळं काही असू शकतं. तू बघून सांग."

"वावरात गेल्यावर पाह्यतो," म्हणून त्याने ठेवून दिला. मला वाटलं, नाही बघणार. पण तासाभराने फोन वाजला, आणि तो माझ्या मोबाइलवर वाजला.

"खाली हायत. द्रोण पालथा घातल्यावाणी."

"उपटू नको. रविवारी मी येते."

"मजूर सांगतले हायत."

"एक दिवस थांब, दादा."

तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

रविवारी पहिल्या गाडीने मी निघाले. राजूर घाट उतरताना कॅमेरा मांडीवर घट्ट धरून बसले होते. डोक्यात एकच चाललं होतं, की मी बोलून बसले, आता काही दिसलंच नाही तर. पानं खाली वळलेली म्हणून मला कोळ्याचा संशय होता; जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा तो बारीक जीव, पिवळट, काचेसारखा आरपार, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा. मी तो कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली एकदाच पाहिला होता. नांदुऱ्याला गाडी बदलली. वडनेरच्या फाट्यावर भाऊ मोटारसायकल घेऊन उभा होता. रस्त्यात काही बोलला नाही.

शेतात गेल्यावर मला कारण कळलं. निम्मी मिरची उपटून झाली होती. झाडं ओळीने आडवी पडली होती, मुळांची माती वाळली होती.

"मजूर कालच भेटले," तो म्हणाला. "आज त्या बाया दुसऱ्याच्या वावरात जाणार होत्या."

"मी थांब म्हटलं होतं."

"हाव. म्हटलं होतं."

मला इतका संताप आला की मी उलट्या पावली निघाले असते. निघाले नाही, कारण उरलेली निम्मी समोर उभी होती. मी शेंडे खुडले, डब्यात घातले. शेतात वारा होता, तिथे काही जमलं नसतं. घरी आलो. ओसरीवर सावलीत मी पाटावर पांढरा कागद टाकला, त्यावर पान पालथं ठेवलं. वहिनीने न सांगता स्टीलचं ताट आणलं आणि उन्हाचा कवडसा पानावर पडेल असं ते तिरपं धरून बसली. मी कडी लावली, लेन्स उलटी बसवली, पुठ्ठ्याचा तुकडा खुपसला, कोपर जमिनीला टेकवले.

पहिल्या पानावर काही नाही. नुसते केस, पानाच्या शिरा, धुळीचे खडे. दुसऱ्यावरही नाही. भाऊ खांबाला टेकून उभा होता, त्याच्या चपला तेवढ्या मला दिसत होत्या. तिसरं पान अगदी कोवळं, शेंड्याचं होतं. शिरेच्या कडेला पाण्याचा बारीक थेंब असावा तसं काहीतरी दिसलं. मी श्वास रोखून अर्धं बोट पुढे सरकले. थेंब हलला.

तीसेक फोटो काढले. त्यातला एक बरा निघाला. मी तो मागच्या पडद्यावर मोठा केला आणि पाय मोजले. एका बाजूला चार होते. दुसऱ्या बाजूचे तीन दिसत होते, चौथा अंगाखाली असावा. शेजारी अंडं होतं आणि अंड्यावर ओळीने पांढरे ठिपके. मी पुन्हा मोजले. मग भावाला हाक मारली.

तो खाली बसला. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "हे काय होय?"

"कोळी. किडा नाही हा, कोळ्याच्या जातीचा. आठ पाय असतात. तू जे फवारलं ते फुलकिड्यांचं होतं. ते याच्यावर चालत नाही."

"हे पानावर हाय? आत्ता?"

"चालतंय."

त्याने पान उचलून डोळ्यांपाशी नेलं, उन्हात धरलं, उलटंसुलटं केलं. त्याला अर्थातच काही दिसलं नाही. मग पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "तुले हे कसं मालूम?"

"बीएस्सी नाही का केलं मी. प्राणिशास्त्र."

"मले वाटलं तू आर्ट्सले होती."

वहिनीने ताट खाली ठेवलं. मला हसू आलं आणि ते अर्ध्यात थांबलं. मग जे इतकी वर्षं बोलले नव्हते ते मी तिथेच, पाटापाशी बसल्या बसल्या बोलले. "दादा, त्या सहीच्या दिवशी तू मला विचारलं नाही."

वहिनी आत जायला उठली आणि दाराशी थांबली.

"विचारलं असतं तं काय म्हटलं असतं?"

"सहीच केली असती."

"मंग?"

"मग काही नाही. विचारायचं होतं."

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. "माह्या ध्यानातच नाही आलं," तो म्हणाला. "खरं सांगतो. बाबा गेले तवा कागद कागद चाललं होतं नुसतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "विचारलं पाह्यजे होतं." यापुढे आम्ही दोघंही त्यावर बोललो नाही. वहिनीने पोहे केले.

माझ्या एकटीच्या शब्दावर औषध बदलायला मी त्याला सांगितलं नाही. बीएस्सीला माझ्यासोबत असलेला एक जण आता कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवतो. त्याला फोटो पाठवले. दुपारी उत्तर आलं. कोळीच होता. कोणत्या गटाचं औषध घ्यायचं, पानांच्या खालच्या बाजूला कसं मारायचं, किती दिवसांनी पुन्हा, सगळं त्याने लिहिलं होतं. शेवटी विचारलं होतं की कोणत्या लेन्सवर काढले. मी लिहिलं, डब्यात येते त्याच, उलटी लावून. त्याने ते खरं मानलं नाही, मग मला कडीचाही फोटो पाठवावा लागला.

उरलेली मिरची वाचली, पण सगळी नाही. बांधाकडच्या चार ओळी गेल्याच. बाकीच्या झाडांची जुनी पानं मुडपलेलीच राहिली, नवी मात्र सपाट यायला लागली. भाऊ दर तीन-चार दिवसांनी फोन करून सांगायचा, आज शेंडा कसा आहे ते. फूल उशिरा लागलं, तोडा उशिरा आला. उपटलेल्या एकरात त्याने नंतर हरभरा पेरला. एक दिवस थांबला असता तर, हे मी त्याला कधी म्हटलं नाही. त्याने स्वतःच दोन-तीनदा म्हटलं.

बॉडी मी अजून बदललेली नाही. मधेच एखाद्या दुपारी पुन्हा वाचायला लागते, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांना उलटी लेन्स लावली तर आधीच कळतं म्हणे, पडद्यावर किती उजेड आहे ते, डोळा लावून आंधळ्यासारखं चाचपडावं लागत नाही. मोह होतो. पुण्याला मुलीला विचारते, ती म्हणते घेऊन टाक. नवरा म्हणतो, घे नाहीतर नको घेऊ, पण एका जागी बस. मला अजूनही बसवत नाही. पण रेकॉर्ड रूममध्ये फेऱ्या मारण्याऐवजी मी आता महिन्यातल्या एखाद्या रविवारी वडनेरला जाते, आणि तिथे गेल्यावर बसायला वेळ नसतो.

परवा गेले होते तेव्हा शेजारच्या आळीतली एक बाई आली. ती वांगी, चवळी, कोथिंबीर लावते आणि नांदुऱ्याच्या बाजारात नेऊन विकते. तिच्या ओच्यात चवळीच्या दहा-बारा शेंगा होत्या, काळ्या पडलेल्या, चिकट. भावाने एक शेंग हातात घेतली, बोटांनी चोळली आणि लगेच सांगायला लागला, हा मावा आहे, याच्यावर अमुक मार. बाईने मान हलवली, मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही पाह्यता का?"

भाऊ मध्येच थांबला. शेंग त्याने माझ्या हातात दिली आणि ओसरीवरचा पाट उजेडाकडे ओढायला गेला.

"तुमच्या वावरात मुंग्या दिसतात का शेंगांवर?" मी बाईला विचारलं.

"हाव, लय."

"केव्हापासून?"

ती पायरीवर टेकली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.